मक्याच्या अळीचं डोकं आणि फोनची चाळीशी

मागच्या पावसाळ्यात संकेश्वरहून मामांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. मक्याच्या पोंग्यात बसलेली अळी, आणि खाली मजकूर: "ही लष्करी हाय का दुसरी कुठली? औषध मारू का थांबू?" पानाच्या शिरा मोजाव्यात इतक्या लख्ख होत्या, मामांचा अंगठाही स्पष्ट होता. अळी तेवढी भुरकट. मामांचा फोन नवा, पन्नास मेगापिक्सेलचा. वर 'मॅक्रो' नावाचा वेगळा कॅमेराही त्यात आहे. मग हाताच्या अंतरावरची अळी त्याला का दिसू नये?

असे फोटो माझ्याकडं बरेच येतात. जांबोटीच्या रानात सुट्टीला गेलेली पोरं पाठवतात, कडोलीकडचे भाजीवाले शेतकरी पाठवतात. फोनच्या जाहिरातीत मुंगीचा डोळा दिसतो आणि आपल्या फोनात भुरका ठिपका येतो, म्हणून फोन फसवा निघाला असं वाटतं. माझ्या मते बहुतेक वेळा फोन पुरेसा चांगला असतो. तो किती जवळचं पाहू शकतो आणि जवळ गेल्यावर काय गमावतो, हे मात्र विकताना कुणी सांगत नाही. ते एकदा कळलं की मामांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच फोनातून मिळतं.

जवळ नेलं की भुरकटतं का

वर्तमानपत्र हळूहळू नाकाजवळ आणून बघा. एका अंतरानंतर अक्षरं विरघळतात. त्याच्या अलीकडचं आपल्या डोळ्याला नीट दिसत नाही. लहान मुलांची ही हद्द फार जवळ असते, चाळिशीनंतर ती लांब सरकते आणि माणूस पत्रिका हात ताणून वाचायला लागतो.

फोनच्या कॅमेऱ्यालाही अशी हद्द असते. जवळच्या वस्तूचं चित्र स्पष्ट पडायला भिंग पुढं सरकावं लागतं. फोनात ते काम एक इवलीशी मोटर करते, पण फोनची जाडी ती काय! भिंगाला सरकायला जागाच नसते. त्यातच गेल्या काही वर्षांत भिंगामागचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी पाटी, मोठा होत गेला. रात्रीचे फोटो त्यामुळं सुधारले. मात्र मोठ्या पाटीला भिंगही लांब लागतं, आणि ते जास्त सरकवावं लागतं. म्हणून पूर्वीचे साधे फोन आठ-दहा सेंटिमीटरवरून फोकस करायचे, तर आजच्या कित्येक महागड्या फोनांच्या मुख्य कॅमेऱ्याला पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर लागतं. महाग फोन घेऊनही फूल जवळून येईना, या तक्रारीचं मूळ इथं आहे.

यावर कंपन्यांनी तोड काढली. किड्याजवळ गेलं की फोन मुख्य कॅमेरा सोडून रुंद कोनाच्या कॅमेऱ्यावर उडी मारतो. त्याचं भिंग आखूड, त्याला थोडंसंच सरकावं लागतं. २०२१ साली आलेला आयफोन १३ प्रो असा २ सेंटिमीटरवरून फोकस करायचा, पुढं इतरांनीही ही वाट धरली. फोटो काढताना चित्र अचानक हलतं, चौकट बदलते, ती हीच उडी. बऱ्याच फोनांवर त्या वेळी फुलाचं छोटं चिन्ह दिसतं. त्याला बोट लावलं की उडी थांबवता येते. हे चिन्ह कुठं आहे ते आधी शोधून ठेवा, पुढं लागणार आहे.

ऐंशी ठिपक्यांचं डोकं

आता थोडा हिशेब करू. ढोबळ आहे, पण डोळे उघडणारा आहे. मक्यावरच्या पूर्ण वाढलेल्या लष्करी अळीचं डोकं अडीच-तीन मिलिमीटरचं. तीन धरू. तिची ओळख पटवणारी खूण त्या डोक्यावर असते.

मुख्य कॅमेरा १० सेंटिमीटरवर धरला तर चौकटीत साधारण १५ सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो. डोकं त्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं. नेहमीचा फोटो आडवा चार हजार पिक्सेलचा असतो. पिक्सेल म्हणजे चित्राचा सगळ्यात बारीक ठिपका. म्हणजे डोक्याच्या वाट्याला ८० ठिपके आले. त्यावरची खूण याहून बारीक, त्यात हाताची थरथर. भुरकट दिसणारच.

मग तो वेगळा मॅक्रो कॅमेरा? स्वस्त फोनांत तो बहुधा २ मेगापिक्सेलचा असतो, आडवे १,६०० ठिपके. तो सुमारे ४ सेंटिमीटरवरून बघतो आणि चौकटीत ६ सेंटिमीटर घेतो. डोकं विसाव्या हिश्शाचं. १,६०० भागिले २० म्हणजे पुन्हा ८०! जवळ जाऊनही हाती तेवढेच ठिपके. वर त्याचं भिंग बारकं, उजेड कमी, आणि फोकस कायमचा एकाच अंतरावर बांधलेला. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, तो कॅमेरा आहे हे विसरून जा.

रुंद कोनाच्या कॅमेऱ्यात २ सेंटिमीटरवरून हाच आकडा सव्वादोनशेच्या आसपास जातो. हे बरंच बरं आहे. तुमच्या फोनात ती सोय असेल तर सुरुवात तिथून करा.

"बोटांनी मोठं केलं तर?" असं हमखास विचारलं जातं. बोटांनी मोठं करणं म्हणजे ८० ठिपके ताणून मोठे करणं. पिठाचा गोळा तेवढाच, पोळी मोठी लाटली की पातळ होते. पन्नास मेगापिक्सेलच्या फोनांत दुप्पट झूम मात्र बऱ्यापैकी खरं असतं, कारण तिथं पाटीच्या मधल्या भागाचे सगळे ठिपके कामाला लागतात. त्यापुढचं झूम किड्यासाठी वापरू नये.

फोनची चाळीशी

जवळचं दिसेनासं झालं की आपण काय करतो? चाळीशी लावतो. डोळा तोच राहतो, पुढं एक फुगीर काच येते. फोनलाही तेच लागू आहे.

सराफ किंवा घड्याळजी डोळ्याला लावतात ते दहापट भिंग घ्या. काही शे रुपयांत मिळतं. दहापट भिंग म्हणजे ज्याची नाभी, जिथं उन्हाचे किरण एका ठिपक्यात गोळा होतात ती जागा, अडीच सेंटिमीटरवर आहे असं. किडा त्या अंतरावर आला की त्याच्याकडून येणारा उजेड या काचेतून समांतर होऊन बाहेर पडतो, आणि फोनच्या दृष्टीनं तो किडा राजहंसगडाएवढा लांब असतो. लांबचं बघणं तर फोनला सगळ्यात सोपं. चौकटीत आता पावणेचार सेंटिमीटरच मावतात, आणि अळीच्या डोक्याला ३२० ठिपके मिळतात. ऐंशीचे तीनशेवीस, तेही मुख्य कॅमेऱ्याच्या चांगल्या भिंगातून.

यात अडचणी दोनच. भिंग मुख्य कॅमेऱ्याच्या बरोबर मधोमध आणि चिकटून बसायला हवं, थोडं सरकलं तरी एक बाजू अंधारते. आणि ती उडी मारायची सोय बंद करायला हवी, नाहीतर फोन भलत्याच कॅमेऱ्यातून बघत राहतो. त्यासाठी ते फुलाचं चिन्ह. तयार क्लिप लेन्स मिळतात त्याही याच जातीच्या. फोन खराब होतो का? होत नाही. काचेवर ओरखडा तेवढा पडू देऊ नका, क्लिपला रबर आहे ना बघा. कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून भिंग करायचे व्हिडिओ फिरतात. थेंब फुगीर असल्यानं मोठं दिसतं हे खरं, पण पाणी आत गेलं की दुरुस्तीचं बिल भिंगाच्या किती तरी पट येतं. मी ते करत नाही, कुणाला सांगतही नाही.

बेळगावातल्या शहापूर, खासबाग, वडगावच्या विणकरांच्या घरी मी हे सांगतो तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगतो. सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावी लेवेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होता. कापडातलं सूत मोजायला भिंग लागतं, ते त्याच्या धंद्यातलंच. पुढं त्यानं स्वतः मण्याएवढी भिंगं घासून घडवली आणि एकाच भिंगातून पाण्याच्या थेंबातले जीव पाहिले. सूत बघणाऱ्या डोळ्याला किड्याच्या पायावरचा केस बघायला वेगळं शिक्षण लागत नाही.

मांड्याचा पापुद्रा

भिंग लावलं, अळीजवळ गेलो, तरी पहिले पन्नास फोटो वाया जातील. याचं कारण कळलं नाही तर माणूस इथंच सोडून देतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

कॅमेऱ्याला एका वेळी पुढून मागं जेवढी जाडी स्पष्ट दिसते, तेवढ्या थराला आपण पापुद्रा म्हणू. लग्नात सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना तो काही मीटर जाड असतो, पहिल्या रांगेतली पोरं आणि मागच्या रांगेतले काका, सगळेच स्वच्छ येतात. जवळ जाऊ तसा तो पातळ होतो, आणि भराभर होतो. अंतर निम्मं केलं तर पापुद्रा चौथाई उरतो. मुख्य कॅमेऱ्यात १० सेंटिमीटरवर तो सुमारे ५ मिलिमीटरचा असतो. भिंग लावून अडीच सेंटिमीटरवर आलो, म्हणजे अंतर चौथाई झालं, तर पापुद्रा सोळाव्या हिश्शावर येतो. मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा! आपल्या बेळगावच्या मांड्याचा, त्या कागदासारख्या गोड पोळीचा, पापुद्रा डोळ्यांसमोर आणा. अळी त्या पापुद्र्यात बसवायची आहे.

मोठ्या कॅमेऱ्यांच्या मानानं फोनचा पापुद्रा जाडच म्हणायचा. सारख्याच चौकटीला मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला सहसा याहून पातळ थर मिळतो. लहान सेन्सरचा इथं फायदा होतो, आणि म्हणूनच फोनवर किड्यांचे इतके चांगले फोटो निघू शकतात.

तर करायचं काय? एक, फोन किड्याच्या अंगाला समांतर धरायचा. टाचणीसारखा चतुर समोरून टिपला तर डोळे स्पष्ट येतील आणि शेपूट धुक्यात जाईल. बाजूनं, त्याच्या लांबीला समांतर टिपला तर डोळ्यापासून शेपटीपर्यंत सगळा त्याच पापुद्र्यात येतो. दोन, स्क्रीनवर बोट आपटून फोकस शोधत बसायचं नाही. फोकस एकदा बांधून ठेवायचा आणि श्वास सोडत सोडत आपणच केसभर पुढं-मागं व्हायचं, बटण दाबून धरायचं. ओळीनं वीस-तीस फोटो निघतात, त्यात एक डोळ्यावर बसतो. बाकीचे घरी येऊन काढून टाका. आणि समोरून टिपायचाच असेल तर डोळे धरा. डोळे स्पष्ट असले की बाकी अंग भुरकट असलं तरी चालतं, आपण माणसाकडंही तसंच बघतो.

वाऱ्याचं मात्र सांभाळावं लागतं. पावणेचार सेंटिमीटरच्या चौकटीत पान दोन मिलिमीटर हललं तरी मोठा झोका असतो. मी डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरतो आणि त्याच हाताच्या मुठीवर फोन टेकवतो. मग पान, हात आणि फोन एकत्र हलतात.

उजेडासाठी श्रीखंडाचा डबा

इतक्या जवळ फोनची सावलीच किड्यावर पडते, आणि फोनचा फ्लॅश भिंगाच्या आड जातो. दुपारचं ऊन थेट पडलं तर भुंगेऱ्याची पाठ स्टीलच्या ताटासारखी चमकते, रंग दिसतच नाही. उजेड भरपूर हवा, पण गाळलेला. श्रीखंडाच्या पांढऱ्या डब्याचा तळ कापून तो किड्याभोवती धरा, ऊन डब्यातून झिरपून सगळीकडून सारखं येतं. ढगाळ दिवस असेल तर दुसऱ्या फोनची बॅटरी बाहेरून डब्यावर मारा. बटर पेपरनंही काम होतं.

पण किडा थांबतो कुठं?

किड्याच्या अंगात आपल्यासारखी कायमची ऊब नसते. बाहेर गारठा असला की त्याचे स्नायू आखडतात. चतुर तर उडण्याआधी पंखांचे स्नायू थरथरवून तापवून घेतो. म्हणून पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आसपास, सकाळी साडेसहाला राकसकोपच्या वाटेवर गवतात बघा. दव पडलेले चतुर, फुलपाखरं, माश्या जागच्या जागी बसलेल्या असतात. आठ-साडेआठला ऊन चढलं की मैफल उठली. ज्यांना दुपारीच वेळ मिळतो त्यांनी मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडलेली रोपं शोधावीत. मावा पळत नाही, आणि त्याला खायला येणारेही निवांत असतात.

फुलपाखराच्या मागं धावू नका. ते ज्या फुलावर येतं तिथं बसून राहा, आणि भिंग काढून दुप्पट झूमवर हातभर अंतरावरून टिपा. एकदा तरी पंख जवळून मिळवा. खानापूरकडच्या घरांवर कौलं रचलेली असतात ना, ओळीवर ओळ, एकावर एक सरकवून, तसेच त्या पंखावर खवले रचलेले दिसतात. हाताला लागते ती पूड म्हणजे हेच खवले.

एवढं करून मिळतं काय?

मामांच्या अळीकडं परत येऊ. अमेरिकेतली ही लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ च्या मे महिन्यात आढळली, आणि ती आपल्या कर्नाटकातच. मग ती मक्यावर देशभर पसरली. मोठी झालेली अळी ओळखायची तर डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी फिकट खूण बघायची, आणि शेपटीच्या अलीकडच्या वळ्यावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. मी मामांना भिंग पाठवलं, फोनवर पापुद्र्याची गोष्ट सांगितली. चौथ्या दिवशी सकाळी फोटो आला. डोकं स्पष्ट, उलटा वाय स्पष्ट. रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या सल्ला केंद्रात, तोच फोटो दाखवून त्यांनी पुढचा सल्ला घेतला. तिथलं पत्रक कन्नडमध्ये, अळीला त्यात 'सैनिक हुळू' म्हटलेलं. आपण लष्करी म्हणतो ती हीच. फोटो समोर असल्यानं दोन्ही बाजूंना शंका राहिली नाही.

उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, मला तर जास्तच वाटते. ढालकिडा, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला लेडीबर्ड भुंगेरा, मित्र आहे हे बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक असतं. पण त्याचं पिल्लू पाहिलंय? काळपट, लांबुडकं, सुसरीसारखं, अंगावर काटे. बघणाऱ्याला वाटतं हेच पीक खातंय, आणि त्याच्यावरच फवारा जातो. खरं तर ते मावा खात असतं, पोटभर. जवळून फोटो काढला की तोंडात धरलेला मावा दिसतो, मग समजावून सांगायची गरज राहत नाही.

उसावरचा लोकरी मावा आपल्याकडं अजून आठवत असेल. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात त्यानं डोकं वर काढलं आणि पाठोपाठ उत्तर कर्नाटकातल्या उसावर तो पसरला. पानाखाली पांढरी लोकर, वर काळी बुरशी. तो आटोक्यात येण्यात डिफा नावाच्या अळीचा आणि मायक्रोमस नावाच्या किड्याचा मोठा वाटा होता. डिफा ही अळी असून पान खात नाही, त्या लोकरीत राहून मावाच खाते. नुसत्या डोळ्यांना "उसात अळी पडली" एवढंच दिसतं. भिंगातून ती कुणाला खातेय ते दिसतं.

शेती नसली तरी बघण्यासारखं पुष्कळ आहे. काजूच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या आपल्याला माहीत आहेत, चावल्यावर विसरत नाही कुणी. शिवणीचा धागा त्यांच्या पिल्लांच्या तोंडातून येतो, मुंग्या पिल्लू धरून सुईसारखं इकडून तिकडं फिरवतात. त्यांच्या आसपास एखादी मुंगी जरा वेगळी चालताना दिसली तर तिचा फोटो घ्या आणि पाय मोजा. आठ भरले तर तो कोळी आहे. तांबड्या मुंगीचं सोंग घेतलेला, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून हिंडणारा कोळी. माझ्या भाच्याच्या फोटोत तो सापडला तेव्हा भाचा अर्धा तास काही बोलला नाही, नुसता फोटो मोठा करून डोळे मोजत होता. डोळेही आठ. मिरगाला निघणारा मखमली लाल किडा घ्या, त्यालाही आठ पाय, म्हणजे तोही किडा नव्हे, कोळ्याच्या गोतातला.

"नाव तर ॲपच सांगतं की"

सांगतं, आणि उपयोगीही आहे. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकला की जाणकार माणसंही तो बघतात. यंत्रानं सुचवलेलं नाव हा अंदाज समजा, माणसांनी दुजोरा दिला की धरा. त्यांना एकाच फोटोवरून सांगता येत नाही, म्हणून वरून, बाजूनं आणि समोरून असे तीन तरी काढा, कुठल्या झाडावर होता त्याचाही एक घ्या.

नवे फोन स्वतःच चित्र सुधारतात, ही आणखी एक शंका मला वारंवार विचारली जाते, आणि ती रास्त आहे. फोन एका दाबात अनेक फोटो घेऊन एकत्र करतो आणि कडा धारदार करतो. त्यात किड्यानं पाय हलवला तर जास्तीचा पाय उमटू शकतो, भुरकट भागात नसलेले केस दिसू शकतात. घराच्या भिंतीवर लावायला असा फोटो चालेल. ओळख पटवायला मूळ फोटो ठेवा, आणि रिकाम्या जागा यंत्राकडून भरून घेणारी सोय बंद ठेवा. चुकीच्या ओळखीवर औषध मारलं गेलं तर नुकसान खरं होतं.

रानात शिरताना

किडा फ्रिजमध्ये गारठवून, गोंदानं चिकटवून, कोष ओरबाडून काढलेले फोटो समाजमाध्यमांवर पुष्कळ दिसतात. ते करू नका. पान वळवून बघितलं तर पुन्हा होतं तसं ठेवा, सावली त्यानं स्वतःसाठी निवडलेली असते. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही, आणि तिथून जिवंत वा मेलेलं काहीही उचलून आणायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कित्येक फुलपाखरंही येतात. कणकुंबी-चोर्ल्याच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेलाच, नशीब असेल तर दोन मोठी फुलपाखरं एकाच दिवशी दिसतात: महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, आणि कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग. दोन्ही राज्यांची राज्य फुलपाखरं एका झाडीत.

पहिला फोटो परसातच

सुरुवातीला रानात जायची गरज नाही. दारातला कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड बघा. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते. शत्रूला तिनं विष्ठाच समजावं म्हणून तो रंग. काही दिवसांत तीच कात टाकून हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. डबा आणि भिंग घेऊन सकाळी बसा, फोन तिच्या अंगाला समांतर धरा, श्वास सोडा. फार जवळ गेलात तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुभंगलेलं शिंग झटकन बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल. बटण तेव्हाच दाबून धरा, आणि शिंग आत गेलं की दोन पावलं मागं सरून तिला पान खाऊ द्या.